सरकारकडचा जंगलाचा डेटा पीडीएफच्या बाहेर कधी येणार?

मुलुंडकर:
नमस्कार मंडळी. मी विमा क्षेत्रात आकडेमोड करणारा माणूस, जंगलातला नव्हे. पण घराच्या मागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, त्यामुळे कुतूहल.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा २०२३ चा वनस्थिती अहवाल (बाहेर आला डिसेंबर २०२४ मध्ये) वाचून काढला. देशाच्या २५.१७ टक्के भूभागावर वन आणि वृक्ष आच्छादन, पैकी वन आच्छादन २१.७६ टक्के. दोन्ही धरून महाराष्ट्र ६५,३८३ चौरस किलोमीटर घेऊन तिसरा. पुढे फक्त मध्य प्रदेश आणि अरुणाचल. इथवर ठीक. मला पाहायचं होतं की मागचा डोंगर यात दाट, मध्यम की विरळ, आणि दहा वर्षांपूर्वी काय होता. तिथे गाडी अडली. अहवालाचे दोन्ही खंड हवे तितक्या वेळा उतरवून घ्या, त्यात नकाशांची चित्रंही आहेत. पण हे आकडे ज्या थरांवरून काढले ते थर (संगणकावर उघडून मोजमाप करता येतील असे नकाशे) माझ्यासारख्याच्या हाती सहज लागत नाहीत.

गंमत म्हणजे युरोपच्या सेंटिनेल-२ ची १० मीटरची चित्रं फुकट आहेत. अमेरिकेची लँडसॅटची २००८ पासून फुकट. डोंगराचा फोटो परके देतात, आणि आपल्या करातून केलेलं त्याच डोंगराचं वर्गीकरण मात्र पीडीएफमध्ये अडकलेलं. म्हणून माझं म्हणणं: ड्रोन नि एआयच्या गोष्टी नंतर करा, जे गोळा करून ठेवलंय ते आधी वापरता येईल अशा रूपात खुलं करा. खात्यात नोकरी केलेले, नकाशे करणारे, कोर्टकचेरी केलेले कुणी असाल तर लिहा.

काजवा:
वाचनखूण साठवली आहे.

पण मालक, थर मिळाले तरी आधी व्याख्या बघा. एक हेक्टरहून मोठी जमीन आणि दहा टक्क्यांहून जास्त झाडोरा, की झालं वन. जमीन कुणाची, कागदावर काय, झाड कुठलं, काही विचारायचं नाही. आमच्या सावंतवाडीकडच्या काजूच्या बागा, हापूसच्या कलमबागा सगळ्या त्यात बसतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना फळबागा वनात धरत नाही. त्यांची किमान जागा अर्धा हेक्टर, झाड पाच मीटर उंच होणारं हवं, आणि जमिनीचा मुख्य वापर शेती नसावा. एकाच कोकणाचे दोन आकडे निघतील, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

खट्याळ:
म्हणजे 'जंगलाच्या कुशीत टू बीएचके' अशी जाहिरात करणारे बिल्डर आजवर खरं बोलत होते तर. उगाच शिव्या घातल्या.

मुलुंडकर:
@काजवा, मुद्दा मान्य, पण म्हणूनच थर हवेत ना? तुमच्या तालुक्यातल्या बागा वेगळ्या काढून उरतं किती हे तुम्ही घरबसल्या मोजाल. आत्ता राज्याच्या एकाच आकड्यावर भांडत बसायचं.

जुना_सातबारा:
मुलुंडकर, तुम्ही मुलुंडचे म्हणून लिहितो. उपग्रहाच्या थरांपेक्षा जास्त रडवणारा एक थर तुमच्याच उपनगरात होऊन गेलाय. नव्या पिढीला माहीत नसेल.

१९५६-५७ च्या सुमारास मुंबई परिसरातल्या कित्येक खाजगी जमिनींना भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली नोटिसा निघाल्या (या जमिनीवर वनाची बंधनं का घालू नयेत, असं मालकाला विचारणाऱ्या). पुढे काय झालं? बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. नोटीस बजावली की नाही याचा पत्ता नाही, पुढची अधिसूचना नाही. मग १९७५ मध्ये महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा आला. त्याने काय केलं, तर अशी नोटीस निघालेली जमीनही 'खाजगी वन' धरली आणि ३० ऑगस्ट १९७५ पासून ती सरकारजमा. पण सातबाऱ्यावर नोंदच नाही! महसूल खात्याला खबर नाही, नगररचनावाल्यांना नाही. आराखडे मंजूर झाले, बिगरशेतीचे आदेश निघाले, इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले, पोरं मोठी झाली. आणि २००५-०६ च्या सुमारास अचानक फेरफार होऊन या जमिनी वन म्हणून लागल्या. मुलुंड, विक्रोळीपासून कांदिवलीपर्यंत लोकांची झोप उडाली. फ्लॅट विकता येईना, बँक कर्ज देईना.

२००८ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल रहिवाशांच्या विरोधात गेला. सुटका झाली ती ३० जानेवारी २०१४ ला, गोदरेज अँड बॉइसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसती नोटीस निघाली म्हणून भागत नाही, ती बजावलेली हवी, आणि पन्नास वर्षं धूळ खात पडलेली नोटीस जिवंत मानता येणार नाही.

आता सांगा, यात उपग्रहाने काय फरक पडला असता? वन खात्याचं रजिस्टर एका कपाटात, तलाठ्याचं दुसऱ्या, महापालिकेचा विकास आराखडा तिसऱ्या. तिन्ही कपाटं गट नंबरावर जुळवलेली असती तर १९७६ मध्येच घोळ उघडा पडला असता. माझ्या लेखी डेटाचं आधुनिकीकरण म्हणजे ही जुळवणी, बाकी सगळं त्यानंतर.

ढगाळ:
जबरदस्त प्रतिसाद. आमच्या मामांचा फ्लॅट यात अडकला होता. घरात 'पस्तीस तीन' हे शब्द शिवीसारखे वापरले जायचे.

पण दुसरी बाजूही नोंदवतो. त्या निकालाने रहिवासी सुटले तसे मोकळ्या डोंगरउतारांचे मालकही सुटले. चांगला डेटा नसला की न्यायाधीशालासुद्धा इमारत आणि डोंगर एकाच तराजूत घालावे लागतात.

गमबूट:
निवृत्त वनपाल. लिहिण्याची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

इथे सगळे वरून खाली बघताहेत, मी खालून सांगतो. डेटा कोण गोळा करतो? बीटगार्ड, म्हणजे ठरावीक पट्ट्याचा वनरक्षक. त्याच्याकडे गस्तीचं एक अॅप, रोपवनाचं दुसरं, वन्यप्राणी गणनेचं तिसरं, वर दैनंदिनी हाताने लिहायची ती आहेच. एकच ओढा, एकच पाणवठा प्रत्येकात वेगळ्या नावाने. कक्ष क्रमांक (जंगलाच्या तुकड्याचा नंबर) जुना टाकायचा की कार्य आयोजनेतला, म्हणजे खात्याच्या जंगल-आराखड्यातला, नवा, यावरून परिक्षेत्र कार्यालयात वाद. एवढं भरून वर पाठवलं की गेलं. त्या आकड्यांचा नकाशा होऊन परत गार्डच्या हातात आला असं मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही. ज्याला माहितीचा उपयोग दिसत नाही तो ती कशी भरेल? जेवणाच्या सुट्टीत, अंदाजाने.

वणव्याचं सांगतो. उपग्रहाला उष्णता दिसली की मोबाइलवर इशारा येतो. चांगली सोय आहे, आधी धूर दिसेपर्यंत कळायचं नाही. पण त्याचा एक ठिपका म्हणजे साधारण पावणेचारशे मीटरचा चौकोन. ठाणे, पालघर, रायगडात फेब्रुवारीपासून शेतकरी राब भाजतात, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात. इशारा आला, गार्ड दोन डोंगर चढून गेला, बघतो तर कुणाच्या तरी वरकस जमिनीत राब पेटलेला. 'मालकी जमीन, राब' असा शेरा मारून पाठवायचो. पुढच्या वर्षी तेच शेत, तोच इशारा, तोच गार्ड. त्या शेऱ्यांचं वर कुणी काही केलं असतं तर एव्हाना राबाच्या जमिनींचा झकास नकाशा तयार असता.

काजवा:
गमबूट काका, लिहायची सवय नाही म्हणता आणि धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद देता. अजून लिहा.

खट्याळ:
रोपवनाच्या अॅपवरून आठवलं. २०१६ ला दोन कोटी, मग चार, मग तेरा, २०१९ ला तेहतीस कोटी झाडं. प्रत्येक झाडाचा फोटो होता म्हणे. झाडांनी तेव्हाच आधार कार्ड काढून ठेवायला हवं होतं.

गमबूट:
खट्याळराव, हसा तुम्ही. लावलेल्या रोपांचे आकडे त्याच दिवशी मागायचे. जगलेल्यांचे मागायला तिसऱ्या वर्षी फारसं कुणी फिरकायचं नाही. फोटो खड्ड्यासकट रोपाचा असतो, सावलीचा नाही.

परदेशी_पाखरू:
इथे अमेरिकेत (हो, माहीत आहे, आता टोमणे येणार) वनगणनेचे ठरावीक भूखंड देशभर आखलेले आहेत, साधारण दर सहा हजार एकरांमागे एक. आमच्या पूर्वेकडच्या राज्यात पाच ते सात वर्षांनी माणूस त्याच भूखंडावर परत जातो, त्याच झाडाचा घेर पुन्हा मोजतो. हा सगळा डेटा झाडागणिक सार्वजनिक संकेतस्थळावर असतो. कुणीही उतरवून घ्यावा.

मात्र भूखंडाचे खरे अक्षांश-रेखांश देत नाहीत. जागा मुद्दाम थोडी सरकवून छापतात, बहुतेकदा अर्ध्या मैलाच्या आत, आणि खाजगी जमिनीवरचे काही भूखंड आपसात बदलतात. मालकाची खाजगी बाब राहते, आणि भूखंड कुठे हे कळून तेवढीच झाडं कुणी जपत बसत नाही.

शिट्टी:
आली अमेरिका! तीस प्रतिसादांच्या आत येणार अशी पैज होती, जिंकलो.

टोमणा बाजूला ठेवून सांगतो, माझा धाग्यालाच विरोध आहे. सगळं खुलं करा म्हणणाऱ्यांनी चंदनाचं झाड तोडून नेल्यावर राहिलेला बुंधा बघावा. कॅमेऱ्यात बिबट्या कुठे आला, घुबडाचं घरटं कुठे, रक्तचंदन कुठल्या कक्षात, हे नकाशावर टाकलंत तर पहिला वाचक तस्कर असेल. खातं माहिती दडवतं असं आपण म्हणतो, काही वेळा ते योग्य करतं.

मुलुंडकर:
@शिट्टी, मी बिबट्याचा पत्ता मागतच नाही. वनाची हद्द, आच्छादनाचा वर्ग, कुठलं वन कुठल्या प्रकल्पासाठी वळतं झालं, त्या बदल्यात झाडं कुठे लावली, हे मागतोय. यात चोराला काय मिळणार? आणि पाखरू म्हणतात तसं जे नाजूक आहे ते सरकवून द्या. चंदनचोराच्या नावाखाली हद्दीचा नकाशाही झाकला जातो, तक्रार त्याची आहे.

शिट्टी:
हद्दीपुरतं मान्य. झाडागणिक डेटाला विरोध कायम.

मुंबईतल्या झाडांचं उदाहरण घ्या. महापालिकेच्या मागच्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली, जीपीएससकट. रस्त्यावरच्या वडाला धोका तस्कराकडून नाही, रस्ता रुंदीकरणाकडून आहे, तिथे खुला डेटा झाडाला वाचवतो. शहराचा नियम जंगलाला आणि जंगलाचा शहराला लावू नका, एवढंच.

बांबूवाला:
गडचिरोलीकडून लिहितोय. तुम्ही सगळे 'सरकार गोळा करतं, लोकांना देतं' हे धरून चाललाय. वनहक्क कायदा २००६ चा आहे. आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. अशा गावांत जंगलात किती बांबू, कुठला कूप (तोडीचा पट्टा) यंदा तोडायचा, कुठला सोडायचा हे ग्रामसभा ठरवते आणि नोंद ठेवते. मोह कधी पडला, तेंदू किती निघाला, हे आमच्या वहीत सापडेल.

प्रश्न असा की सरकारी नकाशात आमच्या वहीला रकाना कुठला? ग्रामसभेच्या हद्दीचा थर वन खात्याच्या कक्षाच्या थरावर नीट बसवलेला फार थोड्या ठिकाणी दिसतो. मग एकाच जंगलाची दोन नियोजनं होतात. खात्याची कार्य आयोजना एक, ग्रामसभेचा आराखडा दुसरा.

आणि जुना_सातबारा यांच्या मुलुंडचा मोठा भाऊ बघायचा असेल तर आमच्या पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल बघा. सहा जिल्हे, सुमारे ८६ हजार हेक्टर. महसूलचा माणूस पडीक म्हणणार, वनवाला वन. गावठाण, शाळा, रस्ते सगळं त्यावर. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वनच म्हणून सांगितलं, १२ डिसेंबर १९९६ आधीच्या वाटपांना वाट ठेवून. आता आधीचं काय आणि नंतरचं काय हे कागदावरून सिद्ध करायचंय. कागद कुठे आहेत ते विचारू नका.

जुना_सातबारा:
बांबूवाला भाऊ, ती १९९६ ची तारीख इथे सगळ्यांनी पाठ करावी. गोदावर्मन प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की नोंदीत असो वा नसो, जे रूढ अर्थाने वन ते वन, आणि राज्यांनी तज्ज्ञ समित्या नेमून अशा जमिनी शोधाव्यात. १९९६! २०२३ मध्ये वन संवर्धन कायदा बदलला, त्यावर याचिका झाल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की त्या समित्यांचे अहवाल राज्यांनी केंद्राला द्यावेत आणि ते संकेतस्थळावर टाकावेत. सत्तावीस वर्षं झाली होती. मुलुंडकरांना पीडीएफचा वैताग आहे, इथे पीडीएफसुद्धा कोर्टाने हुकूम दिल्यावर आली.

सॅटेलाइट_सखाराम:
नकाशे करणं हा माझा व्यवसाय. दोन तांत्रिक गोष्टी.

एक, वनस्थिती अहवालाचं वर्गीकरण आपल्याच उपग्रहाच्या २३.५ मीटरच्या चित्रांवर होतं. देशपातळीवर कल बघायला ते पुरतं. पण मुलुंडच्या एका उताराचा किंवा आरेतल्या एका पट्ट्याचा निवाडा त्यावर करू नका. त्यामुळे थर हाती आला तरी मुलुंडकरांचं समाधान होईलच असं नाही.

दोन, पाऊस. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलं. चित्रं ऑक्टोबर ते डिसेंबरची निवडतात, कारण तेव्हा ढग नसतात आणि पानगळ झालेली नसते. पावसाळ्यात काय तोडलं ते दिवाळीनंतर दिसणार. रडारला ढग आडवे येत नाहीत. इस्रो आणि नासाचा रडार उपग्रह निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, तो बारा दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. त्याचा लांब लहरींचा पट्टा पानांतून आत शिरतो, खोडाफांद्यांचा अंदाज देतो. दर दोन वर्षांच्या अहवालाऐवजी दर महिन्याचा इशारा, हे आता तंत्राच्या आवाक्यात आहे.

ब्राझीलने ते ढगांशी झगडत वीस वर्षांपूर्वी केलं. त्यांची अवकाश संस्था १९८८ पासून अॅमेझॉनची वार्षिक मोजणी करते आणि २००४ पासून जलद इशारे देते. आकडे सर्वांसमोर. २०१९ मध्ये आकडे वाढले म्हणून राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो चिडले, संस्थेचे प्रमुख रिकार्डो गाल्वाँव यांना पद सोडावं लागलं. पण डेटा आधीच खुला होता, बाहेरच्या कुणालाही तो पडताळून पाहता येत होता. माणूस हलवता आला, आकडा हलवता आला नाही. मला वाटतं मुलुंडकरांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हा आहे.

खट्याळ:
आरेचा उल्लेख झाला. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

ढगाळ:
कृपया आरे नको, संपादक धागा बंद करतील. एवढंच नोंदवतो: ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने आरेला वन मानायची मागणी फेटाळली, त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालल्या. पुढच्याच वर्षी सरकारने तिथली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करायचं ठरवलं. झाडं तीच होती. यावर ज्याने त्याने विचार करावा, इथे भांडू नये.

खाडीकाठ:
सगळं रडगाणं चाललंय म्हणून एक बरं उदाहरण देते. मी ऐरोलीच्या खाडीजवळ राहते.

६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड थांबवली आणि सरकारला सांगितलं की उपग्रहावरून कांदळवनांचे नकाशे करा, ते महसुली नोंदींवर बसवा, सरकारी जमिनीवरची कांदळवनं संरक्षित वन जाहीर करा. इथे 'नोंदींवर बसवा' हे महत्त्वाचं. सर्व्हे नंबराच्या याद्या निघाल्या, पुढे २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. आता कुणी रात्री डेब्रिजचा ट्रक ओतला तर आम्ही नुसते 'झाडं मारताहेत हो' म्हणून ओरडत नाही, सर्व्हे नंबर टाकून तक्रार करतो. पोलिसाला कांदळवनाभोवतीचा पन्नास मीटरचा राखीव पट्टा कुठून कुठे ते दाखवता येतं. सगळ्या तक्रारींचं काही होतं असं नाही, बऱ्याच जिरतात. पण '२०२३ च्या अहवालात देशभरातली कांदळवनं थोडी घटली, महाराष्ट्रातली १२.३९ चौरस किलोमीटरने वाढली' हे वाचलं तेव्हा आमच्या गटात पेढे वाटले होते.

म्हणजे सातबारा म्हणतात तेच. उपग्रह अधिक गट नंबर. यातलं एक असून चालत नाही.

शिट्टी:
खाडीकाठ ताई, अनुमोदन. इथे खुल्या नकाशाने नुकसान झालेलं नाही हे मान्य करतो. खाडीत चंदन नसतं म्हणूनही असेल.

मुलुंडकर:
भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. माझं मत थोडं सरकलंय. थर खुले व्हावेत हे आहेच, पण आता पहिली मागणी म्हणून मी ते लिहिणार नाही. माझ्या वॉर्डापुरतं असं मागावं म्हणतो: अधिसूचित वनाची हद्द सर्व्हे नंबरासकट, तिची शेवटची दुरुस्ती कधी झाली ती तारीख, आणि १९९६ च्या आदेशाखालच्या समितीच्या यादीत आमच्याकडची कुठली जमीन आहे. माहिती अधिकारात टाकतो. हद्द संगणकीय नकाशाच्या फाइलमध्ये मागणार आहे.

जुना_सातबारा:
थांबा. 'अमुक स्वरूपाची फाइल तयार करून द्या' असं लिहिलंत की 'माहिती निर्माण करून देणे अपेक्षित नाही' असं उत्तर येणार. 'आपल्या कार्यालयात ज्या स्वरूपात उपलब्ध आहे त्या स्वरूपात, इलेक्ट्रॉनिक असल्यास इलेक्ट्रॉनिक' असं लिहा. आणि तिन्ही गोष्टी एका अर्जात कोंबू नका. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. तीन अर्ज, प्रत्येकी दहा रुपये.

गमबूट:
हद्दीचा अर्ज उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात द्या, परिक्षेत्रात नको. तिथला लिपिक बिचारा घाबरून वरच पाठवतो, त्यात पंधरा दिवस जातात. आणि अर्जात 'सीमास्तंभ नोंदवही' हा शब्द घाला. ती असते. कुणी मागत नाही म्हणून कपाटात असते.

मुलुंडकर:
हे सोन्यासारखं आहे काका. रविवारी तिन्ही मसुदे इथे टाकतो.

जुना_सातबारा:
टाका. कात्री मी लावतो, तुम्हाला दीडशे शब्दांत लिहिणं जमणार नाही.